निरभ्र आकाशाचा गारवा

डिसेंबरच्या अखेरीस निफाड तालुक्यात पहाटे द्राक्षबागेच्या कडेला उभी असलेली ट्रॅक्टरची ट्रॉली प्रारणशीतन म्हणजे काय ते नेमके दाखवते. ट्रॉलीचा अर्धा भाग कडुनिंबाखाली आणि अर्धा मोकळ्यावर असेल, तर मोकळ्यावरचा फाळका दवाने चिंब भिजलेला असतो आणि झाडाखालचा जवळजवळ कोरडा. हवा दोन्हीकडे एकच, वाराही दोन्हीकडे पडलेला. फरक एवढाच, की एका भागाच्या डोक्यावर उघडे आकाश आहे आणि दुसऱ्याच्या डोक्यावर पाने. उघड्या आकाशाखालची वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. इतकी थंड, की हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. या क्रियेला प्रारणशीतन म्हणतात. तिला वीज लागत नाही, पाणी लागत नाही, पंखा किंवा कॉम्प्रेसर लागत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत ती भर दुपारच्या उन्हातही घडवून आणणे माणसाला जमले आहे आणि त्यामुळे हा विषय हवामानशास्त्राच्या पुस्तकातून छपरांच्या आणि शीतगृहांच्या चर्चेत आला आहे.

मुळातली गोष्ट सोपी आहे. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानाप्रमाणे सतत प्रारण सोडत असते. तापलेले लोखंड लाल दिसते, कारण त्याच्या प्रारणाचा काही भाग डोळ्यांना दिसणारा असतो. माती, पान, छप्पर, माणसाचे अंग यांचे प्रारण अवरक्त पट्ट्यात असते, म्हणून ते दिसत नाही, पण ते थोडे नसते. 27 अंश सेल्सियस तापमानाचा एक चौरस मीटर काळा पृष्ठभाग सुमारे 460 वॅट उष्णता या मार्गाने सोडतो. ती सगळीच निघून गेली असती, तर पृथ्वीवर एका रात्रीत सारे गोठले असते. तसे होत नाही, कारण हवेतली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यासारखे वायू या प्रारणाचा मोठा भाग शोषून घेतात आणि त्यातला बराचसा खाली परत पाठवतात. जमीन एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने घेते.

पण या देवाणघेवाणीत एक फट आहे. साधारण 8 ते 13 मायक्रॉन तरंगलांबीच्या पट्ट्यात कोरडी हवा फारशी आडवी येत नाही. नेहमीच्या तापमानाच्या वस्तूंचे प्रारण सर्वांत जास्त 10 मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे नेमके याच पट्ट्यात. शास्त्रज्ञ त्याला वातावरणाची खिडकी म्हणतात. खिडकीपलीकडे अवकाश आहे आणि त्याचे तापमान शून्याखाली सुमारे 270 अंश. कोरड्या, निरभ्र रात्री या खिडकीतून दर चौरस मीटरमागे निव्वळ 100 वॅटच्या आसपास उष्णता बाहेर जाऊ शकते. हवा दमट झाली की खिडकी अर्धवट लोटली जाते, आणि ढग दाटून आले की बंदच होते, कारण ढगाचा तळ स्वतःच जमिनीसारखे प्रारण खाली सोडतो. ढगाळ रात्री थंडी कमी असते हा सर्वांचा अनुभव आहे. त्याचे कारण हेच.

नाशिक जिल्ह्याच्या पूर्व आणि मध्य भागात हिवाळ्यात ही खिडकी सताड उघडी असते. दख्खनच्या पठारावर साडेपाचशे-सहाशे मीटर उंची, उत्तरेकडून येणारी कोरडी हवा, पडलेला वारा आणि स्वच्छ आकाश अशा साऱ्याच गोष्टी जुळून येतात. जमिनीलगतची थंड हवा जड होऊन पाण्यासारखी उताराकडे सरकते आणि गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात साचते. म्हणून हिवाळ्यात महाराष्ट्राच्या नीचांकी तापमानाची बातमी आली, की तीत निफाडचे नाव बहुधा असतेच. ही नोंद होते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात. डिसेंबर 2018 च्या अखेरीस तिथला पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. पारा शून्यावर नसताना पानांवरचे दव गोठले कसे, असा प्रश्न अशा वेळी विचारला जातो. केंद्रातला तापमापक जमिनीपासून काही फुटांवर, लाकडी झडपांच्या पेटीत असतो. तो हवेचे तापमान सांगतो. उघड्यावरचे पान मात्र आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षा दोन-चार अंशांनी खाली गेलेले असते. पारा दोन दाखवत असतानाही पानावर बर्फ असू शकतो.

द्राक्ष बागायतदाराला ही क्रिया शत्रू म्हणून माहीत आहे आणि शत्रूची माहिती नेहमीच बारकाईची असते. खोलगट, नाल्याकाठचे प्लॉट आधी मार खातात, हे त्याला ठाऊक असते. रात्री ढग आले की तो निर्धास्त झोपतो आणि आकाश चांदण्यांनी लखलखले की बागेत फेरी मारतो. थंडीने मण्यांची फुगवण थांबते आणि पाणी उतरत आलेल्या मण्यांना तडे जातात. त्यावर बागेत जे उपाय होतात त्यांकडे प्रारणाच्या नजरेने पाहिले तर बरेच काही उलगडते.

पहिला उपाय पाण्याचा. रात्री उशिरा किंवा पहाटे ठिबक सुरू केले, की विहिरीचे कोमट पाणी मातीत उतरते. ओल्या मातीत उष्णता जास्त साठते आणि खालून वर लवकर येते, त्यामुळे वेलीखालची जमीन पहाटेपर्यंत उष्णता देत राहते. दुसरा उपाय शेकोट्यांचा. बागेत ठिकठिकाणी पाचट, काडीकचरा पेटवून धूर केला जातो. धुराची चादर आकाश झाकते असा समज आहे, पण धुराचे कण एका मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि 10 मायक्रॉनचे प्रारण त्यांतून सहज निसटते. खरा उपयोग होतो तो शेकोटीच्या उष्णतेचा आणि तिने हलवलेल्या हवेचा. जमिनीलगतच्या थंड थरावर थोडी गरम हवा असते, ती खाली मिसळते. म्हणूनच एका मोठ्या जाळापेक्षा अनेक लहान शेकोट्या चांगल्या. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची थंड हवा आत ओढली जाते.

आच्छादनाची गंमत याहून मोठी. पातळ, स्वच्छ पॉलिथिनचा कागद बागेवर घातला तर डोळ्यांना बाग झाकलेली दिसते, पण अवरक्त प्रारणाला तो कागद जवळजवळ आरपार असतो. त्याच्या आतल्या बाजूला दवाचे थेंब जमले की मात्र पाण्याचा तो थर प्रारण अडवतो आणि आच्छादन कामाला येते. उलट, साधा रद्दीचा कागद प्रारण पुरते अडवतो. नाशिकच्या बागांत पांढऱ्या जातीच्या द्राक्षांचे घड वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेले दिसतात, ते पिंक बेरीच्या भीतीने. मण्यांवर गुलाबी झाक आली की निर्यातीत तो माल नाकारला जातो. रात्रीची थंडी आणि दुपारचे ऊन यांतला मोठा फरक हे त्याचे एक कारण मानतात. कागद रात्री घडाची उष्णता आकाशाकडे जाऊ देत नाही आणि दिवसा उन्हाचा चटका बसू देत नाही. दोन रुपयांची रद्दी दोन्हीकडची प्रारणे अडवते.

द्राक्षबागेत ज्या क्रियेशी रात्रभर झुंज द्यावी लागते, शीतनाच्या तंत्रात तिचीच सोबत घ्यायची असते. त्यामुळे सगळे उलटे होते. बागेवर आकाश झाकायचे असते, तर इथे उघडे ठेवायचे. पॉलिथिनचा आरपारपणा बागेत दोष ठरतो, आणि आकाशाकडे उष्णता सोडून थंड होणाऱ्या शीतन-पट्टीवर तोच गुण होतो, कारण वाऱ्याची उष्णता पट्टीला लागू नये म्हणून तिच्यावर याच कागदाचे झाकण घालतात. वारा अडतो आणि प्रारण निघून जाते.

रात्रीच्या आकाशाकडून गारवा मिळवण्याची कला भारतात जुनी आहे. नाशिकच्या उत्तरेकडच्या बागलाण-मालेगाव पट्ट्यात धाब्याच्या घरांवर उन्हाळ्यात बाज टाकून झोपण्याची रीत त्यातलीच. मातीचे धाबे दिवसभर तापलेले असले तरी मध्यरात्रीनंतर थंड होते आणि एप्रिलातही पहाटे गोधडी ओढावी लागते. याहून पुढे जाऊन बर्फ केला जाई तो उत्तर भारतात. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने 1775 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादच्या बर्फाची पद्धत लिहून ठेवली. उघड्या मैदानात उथळ खड्डे करून त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे पसरायची, त्यांवर मातीची उथळ भांडी ठेवून त्यांत पाणी भरायचे आणि सूर्य उगवायच्या आत वर आलेला बर्फ गोळा करायचा. हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही बर्फ तयार होई. ताटांचा थर जमिनीची उष्णता अडवत असे आणि वरची बाजू आकाशाला उघडी असे. आजच्या शीतन-पट्टीची रचनाही मुळात हीच आहे.

त्या वेळी हा सगळा बाष्पीभवनाचा प्रताप समजला जाई. प्रारणाचा मोठा वाटा दाखवून दिला विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनच्या डॉक्टरने, 1814 मध्ये दवावर लिहिलेल्या निबंधात. त्याने लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके काही फळीवर, काही फळीखाली ठेवून रात्री किती दव जमते ते तोलले. आकाशाकडे उघडा असलेला पुंजका कितीतरी जड भरला. निफाडच्या ट्रॉलीवर जे दिसते ते त्याने तराजूत घातले. मुंबईला मात्र हे आकाश कधीच मदतीला आले नाही. किनाऱ्याच्या दमट हवेत खिडकी अर्धी मिटलेली असते. तिथे 1830 च्या दशकापासून बर्फ आला तो अमेरिकेतून जहाजाने.

रात्रीचे शीतन अशा रीतीने कळले होते, पण गारवा हवा असतो दुपारी. इथे अडचण सूर्याची. भर उन्हात एका चौरस मीटरवर 1,000 वॅटच्या आसपास ऊर्जा पडते आणि खिडकीतून बाहेर जाते जास्तीत जास्त 100. म्हणजे पृष्ठभागाने उन्हाचा दहावा हिस्सा जरी शोषला, तरी मिळकत आणि खर्च बरोबरीत येतात. थंड व्हायचे तर 95 टक्क्यांहून अधिक ऊन परत फिरवायला हवे आणि त्याच वेळी 8 ते 13 मायक्रॉनमध्ये काळ्या पृष्ठभागासारखे सढळ हाताने प्रारण सोडायलाही हवे. दोन्ही अटी एकदम पाळणारा पदार्थ सहजी मिळत नाही.

पत्र्याचे घर हे याचे बोलके उदाहरण. नवा जस्ताचा पत्रा चकचकीत असतो आणि बरेचसे ऊन परतवतो, तरी मे महिन्यात त्याला हात लावता येत नाही. कारण चकचकीत धातू अवरक्त प्रारण सोडायला अतिशय कंजूस असतो. जेवढी उष्णता शिरते तेवढी बाहेर पडत नाही, पत्रा तापत जातो आणि खालच्या माणसावर ऊब ओततो. त्याच पत्र्यावर चुन्याचा हात फिरवला तर चित्र पालटते. चुना ऊन परतवतो आणि उष्णताही मोकळेपणाने सोडतो. गरिबाघरचे हे प्रारणशीतनच आहे. भोवतालच्या हवेपेक्षा थंड असा पत्रा सहसा होत नाही, पण छप्पर तापण्यापासून वाचते, आणि पत्र्याखाली राहणाऱ्यांसाठी तेवढेही फार असते.

चुना ते आधुनिक रंग हा प्रवास लांबचा आहे, पण वाट तीच आहे. 1975 मध्ये इटलीतल्या नेपल्सच्या संशोधकांनी खिडकीच्या पट्ट्यातच प्रारण सोडणाऱ्या निवडक पृष्ठभागांवर प्रयोग केले. पुढची चाळीस वर्षे काम प्रामुख्याने रात्रीपुरते राहिले. 2014 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातले अश्वथ रामन, शानहुई फॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंडी फोडली. चांदीच्या थरावर हाफ्नियम ऑक्साइड आणि सिलिकॉन डायऑक्साइड यांचे सात अतिपातळ थर देऊन त्यांनी 97 टक्के ऊन परतवणारी पट्टी तयार केली. थेट उन्हात ती भोवतालच्या हवेपेक्षा 4.9 अंशांनी थंड राहिली. आकडा लहान वाटतो, पण उन्हात ठेवलेली वस्तू सावलीतल्या हवेपेक्षा थंड राहणे ही त्याआधी न जमलेली गोष्ट होती.

सात थरांची पट्टी महाग. म्हणून पुढची शोधाशोध स्वस्ताईकडे वळली. 2017 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात प्लास्टिकच्या पातळ फिल्ममध्ये काचेचे सूक्ष्म गोळे मिसळून मागे चांदीचा लेप दिला गेला. अशी फिल्म ताग्यासारखी लांबच लांब काढता येते. 2018 मध्ये कोलंबिया विद्यापीठात ज्योतिर्मय मंडल आणि सहकाऱ्यांनी चांदीही वगळली. त्यांनी असा पॉलिमर लेप केला, की सुकताना त्यात हवेची असंख्य बारीक छिद्रे तयार होतात आणि ती छिद्रेच ऊन विखरून परत पाठवतात. बर्फाचा गोळा पांढरा दिसतो त्याच कारणाने हा लेप पांढराशुभ्र दिसतो. पर्ड्यू विद्यापीठाने रंगाचा मार्ग धरला. तिथे 2020 मध्ये कॅल्शियम कार्बोनेटचा आणि 2021 मध्ये बेरियम सल्फेटचा रंग तयार झाला. दुसरा 98.1 टक्के ऊन परतवतो. बाजारातल्या नेहमीच्या पांढऱ्या रंगात टायटॅनियम डायऑक्साइड असते, ते उन्हातले अतिनील किरण शोषते आणि तिथेच थोडे तापते. कॅल्शियम कार्बोनेट तसे करत नाही. आणि भिंतीवरचा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन कालांतराने होतो तोही कॅल्शियम कार्बोनेटच. फरक कणांच्या आकाराचा, त्यांच्या दाटीचा आणि थराच्या जाडीचा. भारतात बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू सेंटर फॉर अॅडव्हान्स्ड सायंटिफिक रिसर्चमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड आणि पॉलिमर यांच्या मिश्रणाचा असा रंग विकसित झाला आहे.

या तंत्राकडून किती अपेक्षा करायची, याचा हिशेब आधीच मांडलेला बरा. एक टनाचा एसी सुमारे 3,500 वॅट उष्णता खोलीबाहेर फेकतो. प्रारणशीतनाने चौरस मीटरमागे 50 वॅट मिळाले, तर तेवढ्या कामाला 70 चौरस मीटर उघडे छप्पर लागेल. म्हणजे एसी काढून त्याच्या जागी बसवायची ही वस्तू नव्हे. पण एसी ही उष्णता गल्लीत सोडतो आणि त्यासाठी वीज जाळतो. प्रारणशीतन ती गावाबाहेर नव्हे, पृथ्वीबाहेर पाठवते. दुसरी तुलना पाण्याच्या कूलरशी. कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम काम करतो, पण एप्रिल-मेमध्ये मनमाड, नांदगाव, येवला, सिन्नरकडे पिण्याच्या पाण्यालाही टँकरची वाट पाहावी लागते. तिथे पाण्यावाचून मिळणाऱ्या गारव्याची किंमत शहरातल्या माणसाला पटकन कळणार नाही.

वापराचे दोन प्रकार आहेत. एक, छपरालाच असा रंग किंवा फिल्म लावणे. दुसरा, पट्ट्यांमागे नळ्या बसवून त्यांतून पाणी खेळवणे. स्टॅनफर्डच्याच गटाने 2017 मध्ये अशा पट्ट्यांतून वाहते पाणी हवेपेक्षा पाच अंशांपर्यंत थंड करून दाखवले. हे पाणी शीतगृहाच्या यंत्राला दिले, की कॉम्प्रेसरवरचा भार कमी होतो. पिंपळगाव बसवंत, ओझर, दिंडोरी परिसरातल्या पॅकहाउसना हा दुसरा प्रकार जास्त लागू पडतो. निर्यातीची द्राक्षे तोडल्यावर काही तासांत प्रीकूलिंगमध्ये घालून पुढे शून्य अंशाच्या जवळपास ठेवावी लागतात. मार्चच्या उन्हात तेवढी थंडी एकट्या आकाशाकडून मिळणार नाही. यंत्र लागणारच, पण त्याचे वीजबिल हलके होऊ शकते.

पहिल्या प्रकाराची खरी जागा मात्र कांदाचाळ आहे. उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो आणि लासलगावच्या बाजारात भाव मिळेपर्यंत महिनोन्‌महिने चाळीत राहतो. कांदा एकतर शून्याजवळ टिकतो, नाहीतर 25 ते 30 अंशांत, खेळत्या कोरड्या हवेत. चाळ या दुसऱ्या मार्गाने चालते. तळाला हवेसाठी मोकळी जागा, बाजूंना बांबूच्या पट्ट्या आणि वर छप्पर. ते पत्र्याचे असेल तर मे महिन्यात वरच्या थरातला कांदा खालच्यापेक्षा आधी वाळतो, वजन घटते. म्हणूनच पत्र्याऐवजी कौले किंवा सिमेंटचे पत्रे वापरण्याचा, किंवा वर उसाचे पाचट टाकण्याचा सल्ला दिला जातो. इथे चाळ हवेपेक्षा थंड करायची गरजच नाही, छपराने स्वतः तापू नये एवढेच हवे. ते काम प्रारणशीतक रंग चोख करू शकतो आणि अगदी चुनाही बरेचसे करतो. कांदाचाळीच्या अनुदानात छपराच्या रंगाचा विचार व्हायला हवा, असे म्हणण्यास इथे पुरेसा आधार आहे. मालेगावच्या यंत्रमागाच्या पत्र्याच्या शेडनाही हेच लागू पडते. तिथे छपराखाली माणसे बारा-बारा तास उभी असतात, आणि यंत्रांची उष्णता वेगळीच.

अडचणी खऱ्या आहेत. पावसाळ्यात आकाशाची खिडकी बंद. इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, येवला-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. म्हणजे एकाच जिल्ह्यात हे तंत्र पश्चिमेला कमी महिने आणि पूर्वेला जास्त महिने उपयोगी. जून ते सप्टेंबर चाळीतल्या कांद्याला त्याचा आधार नाही. तेव्हा शत्रू ओल असते आणि उपाय वाऱ्याचा. दुसरी अडचण धुळीची. एप्रिल-मेच्या वावटळीत छपरावर बसलेला लाल-करडा थर काही आठवड्यांत परावर्तन घटवतो. जिथे शेवटचे चार-पाच टक्केच निर्णायक असतात तिथे ही घट जिव्हारी लागते. कांद्याचे उडणारे पापुद्रे आणि यंत्रमागाचा तुसा ही स्थानिक भर. धुवायचे तर पुन्हा पाणी. धूळ न धरणारे पृष्ठभाग हा म्हणून संशोधनाचा मोठा भाग झाला आहे. चांदीच्या फिल्मचा झगझगाट शेजारच्यांच्या डोळ्यांवर येतो, त्यामुळे वस्तीत पांढरा लेपच बरा.

हिवाळ्याचे काय, हा नाशिकसाठी नेमका प्रश्न. जे छप्पर मेमध्ये गार ठेवते तेच जानेवारीत घर आणखी गारठवते. पठारावरच्या बहुतेक घरांना उन्हाळ्याचा त्रास हिवाळ्यापेक्षा मोठा असल्याने वर्षाचा ताळेबंद फायद्याचाच राहतो, तरी पत्र्याखालच्या झोपडीत तान्ही मुले आणि म्हातारी माणसे असतात हे विसरता येत नाही. त्यावरचा एक मार्ग 2021 मध्ये बर्कलीच्या संशोधकांनी दाखवला. टंगस्टन मिसळलेल्या व्हॅनेडियम डायऑक्साइडचा त्यांचा लेप साधारण 22 अंशांच्या वर प्रारण सढळ सोडतो आणि त्याखाली आपोआप हात आखडतो. तो अजून प्रयोगशाळेच्या जवळपासच आहे. तोवर आतून वाळलेल्या गवताची किंवा थर्माकोलची फळी लावणे हा हाताशी असलेला उपाय आहे. वरून चुना आणि आतून फळी असे छप्पर उन्हाळ्यात तापत नाही आणि निफाडच्या थंडीत रात्रीची ऊबही आकाशाकडे लवकर जाऊ देत नाही.